साडूच्या गाडीचा भाव

कुशनवाल्याच्या पोटात दुखायला लागलं ते एका फोटोवरून. फोटोत आकाशी रंगाची जुनी गाडी होती, तिच्या बॉनेटवर हात ठेवून छाती काढून उभा असलेला धाकटा साडू होता, आणि खाली मागितलेल्या किमतीत कुशनवाल्याच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर आरामात आलं असतं.

"एखादं शून्य चुकून जास्त पडलंय," तो बायकोला म्हणाला.

"चुकून कशाला पडेल? धाकटी सकाळीच म्हणाली मला," मशीनखालची रेक्झिनची कात्रणं गोळा करत बायको म्हणाली. "जुन्या गाड्यांना हल्ली फार मान आहे म्हणे."

"मान! भंगार होतं ते. मीच त्याच्या गळ्यात मारलं."

गाडी मुळात कुशनवाल्याच्या वडिलांची. ते लोकांना गाडी चालवायला शिकवायचे, आणि निम्म्या गावाचे पाय त्याच गाडीच्या क्लचवर तयार झाले होते. वडील गेल्यावर ती दुकानामागच्या शेडमध्ये जागा अडवून बसली. कुशनवाल्याला तिथे दुसरं मशीन टाकायचं होतं. साडूने मागितली तेव्हा याने तोंडाला येईल तो भाव सांगितला, आणि त्या भोळ्या माणसाने घासाघीस न करता पैसे हातावर ठेवून गाडी नेली. पुढे घरात कुठलंही लग्न असो, कुशनवाला हा किस्सा तिखटमीठ लावून सांगायचा आणि साडूही सगळ्यांबरोबर हसायचा. आता हसायची पाळी साडूची होती. तो मात्र हसत नव्हता, आणि ते याला जास्त झोंबत होतं.

तेव्हापासून कामात लक्ष म्हणून लागेना. फोमला सोल्युशन फासायचं, तेवढ्यात फोन काढून जाहिरात बघायची. भाव उतरला का? नाही. तोवर सोल्युशन वाळून जायचं. एका टेम्पोवाल्याचं सीट त्याने चक्क उलटं बसवून दिलं आणि वर त्याच्याशीच भांडला. एकदा साडू घरी आला तर म्हणाला, "साडूभाऊ, काय लोक बघतायत हो जाहिरात! रोज आकडा वाढतोय." बायकोने नवऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. त्या आकड्यातला मोठा वाटा कुणाचा, हे तिला पुरतं माहीत होतं.

आणि मग साडूचा फोन आला. "रविवारी येता का? एक गिऱ्हाईक येतंय. भाव ऐकूनही पळालं नाही. त्याला सीटबद्दल काय काय विचारायचंय, ते तुम्हीच सांगा."

कुशनवाल्याला रविवार कधी उगवतो असं झालं. त्या सीट त्याने स्वतः शिवल्या होत्या, वडील असतानाच. जाहिरातीत मात्र लिहिलं होतं, सगळं मूळचं. म्हणजे खोटी साक्ष द्यायला बोलावलंय! सौद्यात मिठाचा खडा टाकायची अशी आयती संधी पुन्हा कशाला येणार होती?

तो गिऱ्हाइकाच्या आधीच पोहोचला. गाडी अंगणात उभी होती, आरशासारखी पुसलेली. चिडतच तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि एका बाजूला कलला. डाव्या अंगाला सीट उंच होती. वडिलांची कंबर धरलेली असायची, म्हणून त्यानेच तिथे काथ्याचा जादा थर भरला होता. तो अजून तसाच होता.

"हे अजून काढलं नाहीस?"

"काढू कशाला?" साडू म्हणाला. "मी शिकलोच यावर. त्यांचे सगळे विद्यार्थी वाकडेच बसतात, बघा कधी."

कुशनवाल्याला ते दिवस आठवले. साडू तेव्हा साडू झालेला नव्हता, नुसता एक शिकाऊ पोरगा होता. वडील त्याच्याबद्दल म्हणायचे, "याचा हात हलका आहे." आणि स्वतःच्या मुलाने गिअर घासला की म्हणायचे, "उतर. तू आपला सीट शिव." तो उतरला, आणि सीटच शिवत राहिला. किमतीचा जळफळाट एकवेळ परवडला असता, पण हा त्याहून जुना होता. त्याने दार आपटलं.

गिऱ्हाईक आलं. पांढऱ्या बुटांचा, हळू बोलणारा गृहस्थ होता. त्याने गाडी आतून-बाहेरून चाचपली आणि विचारलं, "सीट मूळच्याच ना?"

साडू नुसता कुशनवाल्याकडे बघत राहिला, डोळ्यांत इतकी आर्जवं घेऊन, की कुशनवाल्याला आसुरी आनंद झाला.

"छे! मी शिवल्यात. रेक्झिन माझं, शिलाई माझी, आतला काथ्यासुद्धा माझा."

"मग निम्मी किंमत करा," गृहस्थ म्हणाला.

"एक पैसा कमी होणार नाही!" साडू असा गरजला, की पांढरे बूट आल्या पावली फाटकाबाहेर गेले.

मेव्हणी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "भाऊजी, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं तुमचं? किती दिवस मागे लागलेय यांच्या, विका म्हणून!" ट्रे तसाच घेऊन ती आत गेली.

ती गेल्याबरोबर साडूने कुशनवाल्याचे दोन्ही हात धरले. "वाचवलंत, साडूभाऊ! तिच्या समाधानासाठी जाहिरात दिली होती. भाव असा लावला की कुणी फिरकू नये. तर हा बाबा तयारच झाला! दुसऱ्या कुणी भिडेखातर खोटं बोललं असतं. तुम्ही माझ्यावर जळता, म्हणून तुम्हालाच बोलावलं."

कुशनवाला म्हणाला, "मग माझ्याकडून घेतलीस तेव्हा घासाघीस का केली नाहीस? मी तर वाटेल तो भाव सांगितला होता."

"घासाघीस करण्यात वेळ गेला असता," साडू म्हणाला. "तेवढ्यात तुमचं मन बदललं असतं तर? मला वाटत होतं, बाबांची गाडी आहे, हे काही विकणार नाहीत."

कुशनवाला चहा न घेताच निघाला.

"काय, पडला का भाव?" बायकोने दारातच विचारलं. तो मागच्या शेडमध्ये गेला, दुसऱ्या मशीनपुढच्या स्टुलावर बसला आणि सवयीने फोन काढला. साडूने किंमत आणखी वाढवली होती. कुशनवाला बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच त्याला तो कमी वाटला.