भिकाजी शिंप्याच्या गोळ्या

सावर्ड्याच्या बाजारात भिकाजी खेडेकराचं दुकान म्हणजे एक पायमशीन, कापड बेतायची फळी आणि गळ्यात टेप. वही नव्हतीच. माणसाला एकदा टेप लावली की छाती, खांदा, बाही सगळं त्याच्या डोक्यात पक्कं बसे. गणपतीला आलेल्या चाकरमान्याला तो म्हणे, "माप कशाला? गेल्या सालचं आहे माझ्याकडे. पोट तेवढं इंचभर सुटलंय तुमचं." आणि सदरा अंगावर चोख बसे. पंचक्रोशीत त्याचा मान होता तो यामुळेच.

त्याला लहानपणापासून एक ताप जडला होता. महिन्या-दोन महिन्यांनी अंग भाजायचं, पोट लाकडासारखं ताठायचं, आणि चौथ्या दिवशी काही झालंच नाही असा तो उठून बसायचा. वडिलांनाही तेच होतं. ते चाळिशीत सर्वांग सुजून गेले. देवाला गाऱ्हाणी घालून झाली. अपेंडिक्स म्हणून पोटही कापून झालं. ताप काही हटला नाही. अखेर १९७८ साली मुंबईच्या एका डॉक्टरांनी ओळखलं. रक्तातून येणारा आजार, म्हणाले. शरीर आपलं आपणच पेटतं. रोज दोन गोळ्या, जन्मभर. मुलगी तुळसा तेरा वर्षांची होती, तिलाही तोच ताप. बायको मथुरा त्याच्या मामाचीच मुलगी, तेव्हा दोन्हीकडून आलं असणार. तुळसालाही गोळ्या सुरू झाल्या.

सहा वर्षं घरात ताप फिरकला नाही. तुळसाचं लग्न झालं, ती देवरूखला गेली.

चौऱ्याऐंशीच्या गणपतीत भिकाजीने एका बापाच्या मापाची पाटलोण त्याच्या मुलाला शिवली. गिऱ्हाईक हसलं, भिकाजी हसला नाही. पुढच्याच आठवड्यात दोन सदऱ्यांच्या बाह्यांची अदलाबदल झाली. मग ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येईना.

"लिहून ठेवत जा की," मथुरा म्हणाली. "तुळसाच्या शाळेच्या कोऱ्या वह्या पडल्या आहेत घरात."

"लिहून शिवायचं तर शिंपी कशाला हवा?" तो म्हणाला.

शेजारच्या पानवाल्या सदूने त्याच्या मनातलंच बोलून दाखवलं. "ती कडू गोळी रोज पोटात जाते. मेंदूत उतरल्याशिवाय राहील काय?"

भिकाजीला ते पटलं. पटवून घ्यायलाच तो बसला होता. डॉक्टरांना दोन ओळींचं पत्र टाकावं, एवढंही त्याला सुचलं नाही. त्याने गोळ्या बंद केल्या आणि तुळसाला मात्र पत्र लिहिलं: 'गोळ्यांनी डोकं जातं. तूही बंद कर. ताप परवडला.'

ताप महिनाभरात परत आला. तीन दिवस तो कुडकुडत पडायचा आणि चौथ्या दिवशी दुकान उघडायचा. विसरणं मात्र होतं तिथेच राहिलं. नावं अडायची, मापं निसटायची. "जुनं विष आहे, उतरायला वेळ लागणार," असं तो मथुरेला सांगत राहिला. दोन वर्षं सांगत राहिला.

सत्त्याऐंशीत पाय सुजले. वडिलांचे पाय त्याने पाहिले होते. सूज पाहताच तो काय ते समजला. मथुरेने त्याला मुंबईला त्याच डॉक्टरांकडे नेलं. लघवी तपासली, रक्त तपासलं. मूत्रपिंडं निकामी होत आली होती.

"गोळ्या का सोडल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

त्याने खाली मान घालून सांगितलं. डॉक्टरांनी त्याला काही आकडे उलटे म्हणायला लावले, पाच वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारली. तीन आठवली.

"थोडं कमी झालंय," ते म्हणाले. "गोळीने झालं असं मला वाटत नाही. वयाने असेल, इतक्या वर्षांच्या तापाने असेल, खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. पण खेडेकर, तेव्हा विचारायचं होतंत. विसरायला होतं, त्याला वही पुरते. पण या तापाने मूत्रपिंडं जातात, ती गोळीच राखत होती. त्याला आता माझ्याकडे फारसं काही नाही."

परतताना मथुरा सावर्ड्याला उतरली, तो घरी न उतरता तसाच देवरूखला गेला. तुळसा अंगणात भात वाळवत होती. बावीस वर्षांची पोर, पण चेहरा ओढलेला. दोनच दिवसांपूर्वी तापातून उठली होती.

"माझं चुकलं गो," तो म्हणाला. "गोळ्या पुन्हा सुरू कर. लघवी तपासून घे."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "तुम्ही लिहिलंत म्हणून बंद केल्या, बाबा. आता तुम्ही सांगताय म्हणून घेते."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने त्याला पेज वाढली, सुजलेल्या पायांखाली पाट सरकवला आणि सासूला हाक मारून सांगितलं, बाबा आलेत.

तपासणीत तिच्या लघवीत थोडा दोष निघाला. ताप थांबला, तो दोष वाढला नाही, पण पुरता गेलाही नाही. भिकाजी आणखी दीड वर्ष जगला. शेवटी शेवटी त्याला दिवस, वार, शेजाऱ्यांची नावं आठवत नसत. पण तुळसाला लिहिलेलं ते पत्र त्याला अक्षरन् अक्षर पाठ होतं.