आख्खा पंजा

रोज सकाळी गोठ्यापुढे उभे राहून सखारामभाऊ आपल्या म्हशीला कडक सलाम ठोकत. टाच आपटून, उजव्या हाताने. म्हैस कान हलवी, आणि मगच त्यांचा दिवस सुरू होई.

ही नव्वदनंतरची गोष्ट. बेलापूरला ते आपले शेजारी होते. मुलांनो, तुम्ही दूरदेशी वाढलात म्हणून सांगते, आपल्या नगर जिल्ह्यात फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला गाव ‘मेजर’ म्हणते. सखारामभाऊ एकाहत्तरची लढाई लढले, डाव्या हाताची दोन बोटे तिकडेच ठेवून आले. पण निवृत्त झाले ते साधे नाईक म्हणून. ही फुकटची बढती त्यांना सोसेना. शेवटी त्यांनी म्हशीचेच नाव मेजर ठेवले. रस्त्यावरून कोणी “काय मेजर?” म्हटले, की ते गोठ्याकडे हात करत. “सायब आत हायत.”

“लगीन झाल्यापास्नं मला एक सलाम न्हाई, आन् हिला रोज!” त्यांच्या पत्नी सोनाबाई म्हणत.

“तू शिविलियन हायेस,” भाऊ समजावून सांगत.

पुढे मेजर भाकड झाली. लेक बाळंतपणाला यायची होती, घरात दूध हवे होते. सोनाबाईंनी फर्मावले, हिला विका आणि दुभती आणा. भाकड म्हैस बाजारातून पुढे कुठे जाते, हे भाऊंना चांगले ठाऊक होते. त्यांचा चेहरा पडला. पण बोलले एवढेच, “हुकूम.”

घोडेगावचा बाजार शुक्रवारी. टेम्पोतून सोबतीला तुमचे आजोबा गेले. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून व्यापारी समोरच्याची बोटे धरतो. जितकी बोटे तितके हजार, आणि आख्खा पंजा धरला की पाच. भाऊंनी उपरण्याखाली डावा हात सारला. व्यापाऱ्याने तीन बोटे धरली.

“झालं! पंजा धरला, पाच!” भाऊ गरजले.

“पाच कुठलं? तीन बोटं धरली म्या!”

“मग चौथं दाव की! हायत तेवढी समदी धरलीस तू!”

व्यापाऱ्याने उपरणे उचलून पाहिले. बाजार गोळा झाला. देशासाठी गेलेली बोटे धरलीच पाहिजेत, असे काहींचे मत पडले. मग त्यांचे पैसे सरकारकडून घ्या, असे इतरांचे. संध्याकाळी मेजर त्याच टेम्पोतून घरी.

पुढच्या शुक्रवारी दुसरा व्यापारी, भांडण तेच. त्याच्या पुढच्या खेपेला सोनाबाई स्वतः निघाल्या. पुन्हा उपरणे, पुन्हा आरडाओरडा. त्या पुढे झाल्या.

“अवो, धडका उजवा हात सोडून ह्योच का घालताय?”

“त्यो सलामीचा हाय,” भाऊ खाली बघत म्हणाले. “त्या हातानं मेजरला कसं इकू?”

सोनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले, मग म्हशीकडे.

“मावशी, आता तुमीच सांगा, बोटं किती?” व्यापारी वैतागला होता.

“माझ्या लग्नात पाच हुती. मी पाचच धरते. पाच देत आसशील तर बोल, न्हाई तर वाट सोड.” आणि मेजरचे दावे धरून त्या चालू लागल्या.

लेकीसाठी दूध आपल्या घरून गेले. परतफेड म्हणून भाऊ रोज शेणाची पाटी घेऊन आपल्या दारात सावधान उभे राहत. “बाई, मेजरसायबांकडून.” ती मी दोन्ही हातांनी घ्यावी, अशी त्यांची अपेक्षा असे.

मेजर म्हातारी होऊन त्यांच्याच गोठ्यात वारली. त्यानंतरच्या थंडीत भाऊंनी अंथरूण धरले. मी भेटायला गेले त्या दुपारी त्यांचा डावा हात गोधडीखाली होता. सोनाबाईंनी आपला हात आत घातला.

“समदी धरलीस?” भाऊंनी विचारले.

“धरली.”

“किती झालं?”

“पाच.”

“सौदा पक्का,” भाऊ म्हणाले. मग उजवा हात हळूहळू उचलून त्यांनी कपाळाला लावला. गोठा तर केव्हाच रिकामा झाला होता.

“अवो,” सोनाबाई म्हणाल्या, “मी शिविलियन हाय.”

हात खाली आला नाही.