कोठी भरली की दिवा लागतो

‘स्मार्ट इंडस्ट्रियल ऑटोमेशन’ हे माझ्या डिग्रीचं नाव पूर्ण होईपर्यंत आमच्या सोयऱ्याधायऱ्यांचं लक्ष चहाकडे गेलेलं असे. माझ्या बापानं ते एका वाक्यात बसवलं होतं, “पोरगी आपोआप चालणाऱ्या मशिनीचं शिकून राहिली.” मेंढरांमागं जन्म गेलेला माणूस, पण बराबर सांगायचा. अडचण एवढीच होती, की आमच्या जिल्ह्यात आपोआप चालणारं फारसं काही नव्हतं.

शेवटच्या वर्षी सहा महिने कारखान्यात इंटर्नशिप करावी लागते. वर्गातली पोरं वाळूजला, चाकणला गेली. बा मला तेवढं लांब धाडायला तयार होईना. गावातून, साखऱ्याहून, नांदेडच्या होस्टेलवर ठेवलं हीच त्याच्या लेखी मोठी उडी होती.

“हिंगोलीत कर. मावशीच्या घरी राहा,” तो म्हणाला. “या साली डिग्री झाली तर पुढं तुझी मर्जी. न्हाई झाली तर तुला बघाया आलेल्या पावण्याला मी परत धाडणार न्हाई.”

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. रागातलं बोलणं चार दिवसांनी विरतं. हा बाजारात मेंढी ठरवावी इतक्या शांतपणे बोलला, आणि बानं ठरवलेला सौदा कधी फिरलेला मी पाहिला नव्हता.

मग मी हिंगोलीत दारोदार फिरले. हळदीचे कारखाने, जिनिंग, बर्फाचा कारखाना, काही सोडलं नाही. एका ठिकाणी मला विमा विकणारी समजून चहा पाजला आणि कप ठेवल्यावर ‘सध्या नको’ म्हणाले. दुसरीकडे मॅनेजर म्हणाला, “मॅडम, यहाँ सब हाथ से चलता है.” कॉलेजची मुदत संपत आली तशी मला अन्न गोड लागेना. मावशी ताटात भाकरी वाढायची आणि मी भाकरीकडे नुसती बघत बसायची.

शेवटी एका डाळमिलच्या शेठनं मला घेतलं. त्याला इंजिनीअर नको होता, बटण दाबणारं माणूस हवं होतं. मिलच्या माळ्यावर तुरीची पत्र्याची मोठी कोठी होती. खालून पट्ट्याला बांधलेले डबे तूर वर आणून तिच्यात ओतायचे. कोठी भरली की माळ्यावर बसलेल्यानं बटण दाबून पट्टा थांबवायचा, तूर खाली उतरली की परत सुरू करायचा. तिथं बसणारा म्हातारा लेकीकडे कळमनुरीला राहायला गेला होता.

“बसशील का बेटा? जेवढे दिवस येशील तेवढ्या दिवसांचं सर्टिफिकेट देईन,” शेठ म्हणाला.

बसले. उलट्या डब्यावर बारदान टाकून, तोंडाला ओढणी बांधून बसले. पार रोबोटपर्यंत शिकून मी एका कोठीचा डोळा झाले होते. धुळीनं भुवया पिवळ्या व्हायच्या. खालचे हमाल ओरडायचे, “इंजिनीअर बाई, झोपल्या काय?” मी वरून ओरडायची, “झोपले तर तुमच्याच डोक्यावर तूर पडंल.” ते हसायचे. मला रडू यायचं, पण ओढणीचा एक फायदा असतो, कुणाला दिसत नाही.

असंच चाललं असतं तर सहा महिने भरले असते. पण शिकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी कोठीला सेन्सर लावायचं ठरवलं. पहिला प्रकाशावर चालणारा लावला, तर समोर धूळ आली की त्याला कोठी भरल्यासारखीच वाटायची. रिकाम्या कोठीवर पट्टा थांबून राहायचा आणि हमाल टाळ्या पिटायचे. मग कॉलेजच्या सरांना फोन करकरून दुसरा आणवला. याला धुळीचं काही नव्हतं, तूर जवळ आली की बरोबर ओळखायचा. त्याच्या पाठीवर एक बारीकसा स्क्रू होता. तो किती फिरवायचा हे जुळवण्यात माझे बरेच दिवस गेले. एका दुपारी कोठी भरली, सेन्सरचा पिवळा दिवा लागला आणि पट्टा थांबला. मी बटणाला हात लावला नव्हता. मला इतका आनंद झाला, की मी एकटीच माळ्यावर टाळ्या वाजवल्या.

शेठ पेढे घेऊन वर आला. “फत्ते झालं बेटा. शनिवारपर्यंत बघू. तोवर असंच चाललं तर तू मोकळी.”

“मोकळी म्हणजे? माझे दोन महिने राहिलेत.”

“पण काम राहिलं का?”

मी म्हटलं, मी नुसती बसून राहीन. तो म्हणाला, ज्याच्या हाताला काम नसतं त्याचाच हात पट्ट्यात जातो, त्याच्या मिलमध्ये एकाचा गेलेला आहे. मी म्हटलं, मग सर्टिफिकेट तरी पूर्ण सहा महिन्यांचं द्या. तो दुखावला. “आमच्याकडे मापात पाप नाही. आलीस तेवढंच लिहीन.” सरांना फोन केला, तर दिवस कमी भरले की वर्ष गेलं म्हणाले. एवढ्या उशिरा दुसरीकडे कोण घेणार होतं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पेढा माझ्या हातातच राहिला.

शनिवारपर्यंत मी त्या सेन्सरसमोर बसून होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काही धड झालं होतं, आणि ते बंद पडावं म्हणून मी देवाला नवस बोलत होते. खिशात लहान स्क्रू ड्रायव्हर होता. स्क्रू थोडासा फिरवला असता तर तूर सांडली असती, शेठ म्हणाला असता, मशीनचा काय भरवसा, बस बेटा. शनिवारी दुपारी मी तो खिशातून काढला आणि स्क्रूला टेकवलासुद्धा.

तेवढ्यात शिडीवर बाचा पटका दिसला. मोंढ्यात बाजाराला आला होता, मावशीनं पत्ता दिला. मी हात मागं घेतला. तो कोठीजवळ उकिडवा बसला. दिवा लागला. पट्टा थांबला.

“तू काहीच न्हाई केलं?”

“न्हाई.”

“तू बनवलं व्हय हे?” बानं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. त्यानं असं देवळात केलेलं मी पाहिलं होतं, दुसरीकडे कुठं नाही. “अजून एकदा दाखव.”

मला भडभडून आलं. “बा, हे असंच चाललं तर आज माझं इथलं संपलं. दिवस भरत न्हाईत. डिग्री न्हाई होणार या साली.”

तूर खाली उतरली, दिवा विझला आणि पट्टा आपोआप परत सुरू झाला.

“चांगलं चाललं,” तो म्हणाला, “मंग तुला काहून जावं लागंल?”

कोठी भरत आली होती. आम्ही दोघं दिवा लागायची वाट बघत बसलो.