समीक्षाच्या ट्रेनिंगवरचा शेरा

मिरजेत आमच्या वरच्या खोलीत समीक्षा भाड्याने राहते. तिच्या आईने, हरणाबाईंनी, जतकडे मेंढरं राखून तिला इंजिनिअर केलं. रेल्वेच्या सिग्नल खात्यात तिचं ट्रेनिंग चालू होतं. वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की रूळ बदलणारं यंत्र उघडण्याआधी स्टेशनमास्तरांना मेमो द्यायचा आणि त्यांची सही घ्यायची.

मार्चमध्ये एका छोट्या स्टेशनावर असं यंत्र अडकलं. तिला काम शिकवणारे साहेब म्हणाले, "उघड चटकन. गाडीला वीस मिनिटं हायत."

"साहेब, मेमो?"

"कागद रंगवायला आलीस व्हय गं हितं?"

"आवं, मास्तरांनी तिकडनं बटण दाबलं तर माझी बोटं जातील रुळात!"

तिने सही आणली, मगच यंत्र उघडलं. गाडी आठ मिनिटं थांबली. साहेबांनी अहवालात शेरा मारला, 'प्रत्यक्ष कामाची जाण नाही. ट्रेनिंग तीन महिने वाढवावे.'

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. परीक्षेत ज्या नियमाला मार्क देता, तो पाळला की पोरगी नालायक?

समीक्षाने शेऱ्याखाली लिहिलं, 'मेमोशिवाय यंत्र उघडण्यास नकार दिला,' आणि सही केली.

"ती ओळ खोड, मी शेरा बदलतो," साहेब म्हणाले.

हरणाबाई फोनवर कडाडल्या, "खोडू नगंस! बोटं तुजी हायत, त्याची न्हाईत."

तिने खोडली नाही. बरोबरीच्या पोरांना नेमणुका मिळाल्या. ही अजून त्याच साहेबांच्या हाताखाली आहे, आणि दर वेळी आधी मेमो लिहिते.