पाहुण्यांचं पोट आणि आमचं जिऱ्याचं पाणी

मंडळी, ब्राउझिंग सेंटरमध्ये बसून घाईघाईत टाइप करतोय, कारण घरात कुणालाच धड सुचत नाहीये.

आज शारदाला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, बघायला पुण्याहून पाहुणे आले होते. तुम्हा तंजावूरकरांना वेगळं सांगायला नको. कावेरीकाठी जिऱ्याचं रोप कुणी पाहिलेलं नसेल, पण जिरं घालून उकळलेल्या पाण्याशिवाय इथे पाहुणचार होत नाही. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कॉफीआधी तेच कोमट पाणी पुढे केलं.

मुलाच्या वडिलांनी एक घोट घेतला आणि बायकोकडे वळले. "माझ्या गॅसेसचं यांना तू सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?"

"मग यांनीच चौकशी केली! अहो, मुलाची करा, पगाराची करा. माझ्या पोटाची कशाला?"

अप्पा घाबरले. "तसं नव्हे हो! आम्ही पोस्टमनासही हेच देतों."

"म्हणजे पोस्टमनलाही माहीत आहे?"

पेला तेवढा रिकामा करून, कॉफी न घेताच पाहुणे लॉजवर गेले. आई देवासमोर जाऊन बसली.

संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला. अप्पांनी रिसीव्हर उचलला.

"दुपारपासून एकही ढेकर नाही. जिरं भाजून घालता की कच्चंच?"

होकार-नकाराचं अवाक्षर नाही. आता तुम्हीच सांगा, नकार द्यायचा असलेला माणूस हे विचारेल का?

शारदाचं मत विचारायला आत गेलो. ती जिऱ्याची पुडी बांधत होती.