बापाची वाव

"हात पसर."

साहेब खुर्चीतूनच म्हणाला. माझ्या बापाला. मी शेजारी उभी होते, नववीतली, शाळेच्या गणवेशात. आम्ही पाचूबंदरचे कोळी; हात पसरणं म्हणजे मागणं. बापाला वाटलं, साहेब काहीतरी देतोय. त्यानं ओंजळ पुढे केली.

वसईच्या मत्स्यखात्याची सगळी कचेरी हसली.

"असे नाही रे. आडवे. दोन्ही बाजूंना."

बापानं हात आडवे केले. शिपाई टेप घेऊन आला आणि एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत माझा बाप मोजू लागला.

अर्ज मीच लिहिला होता. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. सरकारचा कायदा नवा होता. समुद्रातली मासळी पुढच्यांनाही पुरली पाहिजे, म्हणून किनाऱ्याजवळ ठरावीक खोलीच्या आत ट्रॉलरनं जाळं ओढायचं नाही. बंदरावर तसा फलक लागला. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा बाप खूश झाला. खोलीसाठी कायद्यात शब्दही आमचाच होता, पसरलेल्या दोन हातांएवढ्या मापाचा. वाव.

पुढच्याच महिन्यात भरदिवसा एक ट्रॉलर आत घुसला. खुंटांना बांधलेली आमची डोल, आमचं एकुलतं एक जाळं, फाडून घेऊन गेला. बापानं तिथल्या तिथे शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडली. वर ओढताना छातीसमोर दोन्ही हात ताणून मोजली. चार वाव. हद्दीच्या चांगलंच आत. मी अर्जात तसंच लिहिलं.

"पाच फूट तीन इंच," शिपाई ओरडला.

साहेब म्हणाला, "सरकारी वाव सहा फुटांची. तुझी वाव खोटी, म्हणजे तुझं मापही खोटं. तुझ्या अर्जाला काही वाव नाही."

स्वतःच्या कोटीवर तोच आधी हसला. मग हेडक्लार्क. मग शिपाई. बाप तसाच उभा, हात आडवे. खाली घे, असं त्याला कुणी म्हटलंच नव्हतं.

मला लाज वाटली. साहेबाची नाही, बापाची. त्याच्या सदऱ्याला येणाऱ्या वासाची, विरलेल्या काखेची. हे मी आज कबूल करते.

"पन सायेब, पानी चार वावच व्हतं," बाप पुटपुटला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साधं गणित होतं.

मी म्हणाले, "साहेब, बाबांची वाव लहान असेल, तर पाणी अजूनच कमी भरेल. म्हणजे ट्रॉलर आम्ही लिहिलं त्याच्याहीपेक्षा आत आला होता."

हसणं थांबलं. वाटलं, जिंकलो. किती खुळी होते मी. गणित बरोबर आलं की साहेब मान्य करतात, असं मला शाळेत शिकवलं होतं.

साहेब माझ्याकडे बघेचना. बापाला म्हणाला, "पोरीला फार शिकवलंयस. उद्या मासळी कोण विकणार?" मग त्यानं एक कागद लिहिला आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. मी वाचलं. तक्रार गैरसमजातून केली होती, ती मागे घेत आहे.

"बाबा, नको. अंगठा देऊ नका."

"चल बाय. घरी जाऊ."

मी त्याचा हात धरला. त्यानं हळूच सोडवून घेतला आणि अंगठा उठवला. बोटाची शाई केसांना पुसली.

ट्रॉलर येत राहिले. बोटभर पिल्लंही खरवडून नेत राहिले. बंदरावरचा फलक गंजून पडला, तो कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. बापानं पुन्हा कधी दोरी पाण्यात सोडली नाही. मी बरोबर होते आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. तो जळफळाट अजून गेलेला नाही.

पण त्या दिवसानंतर मी वाचल्याशिवाय आमच्या घरातला अंगठा कुठल्याही कागदावर उठला नाही. पुढे आळीतलाही नाही. बाया कागद घेऊन आधी माझ्या ओट्यावर येतात. कचेरीत मला उद्धट म्हणतात. म्हणू देत. डोळ्यांसमोर घडलेल्याला कुणी गैरसमज म्हटलं, तर त्या कागदाखाली आमच्यातलं कुणी अंगठा देणार नाही. मी देऊ देणार नाही.