मामाचा रेडिओ

अख्ख्या चामराजपेटेत पोटात गोष्ट ठेवणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा सख्खा मामा असावा, हे आमच्या घराचं दुर्दैव. मामा डॉक्टर होता. दवाखाना म्हणजे एक खोली, मधे पडदा, पडद्याबाहेर बाक. मोठ्या माणसांची त्याला काडीची पर्वा नसे. "काय हो, पोट साफ कधी झालं होतं?" हे तो इतक्या खड्या आवाजात विचारी, की बाकावरचे लोक आपापल्या चपलांकडे बघू लागत. पण रोगी मूल असलं की तऱ्हा निराळी. आधी तो आईबापांना बाहेर काढी आणि कोपऱ्यातला धिप्पाड रेडिओ लावी. रेडिओ तापेपर्यंत मामा आणि पोर एकमेकांकडे बघत गप्प बसत. मग रागीच्या पिकावरचं एखादं कन्नड भाषण दणाणू लागे आणि आतलं अक्षरही बाहेर कळत नसे. एका बड्या वकिलांचा मुलगा अंथरूण ओलं करी. "तो तुम्हाला काय म्हणाला?" असं त्यांनी दरडावून विचारलं, तेव्हा मामा म्हणाला, "औषध तुम्हाला सांगितलं. बाकीचं त्याचं आहे." वकिलांनी डॉक्टर बदलला. असे बरेच गेले, आणि मामी कपाळाला हात लावून बसली. मला मात्र मामाचं हे वेड फार आवडे. वयात येताना मी त्याला जे विचारलं, ते आईला विचारायची माझी छाती नव्हती. काय विचारलं, ते इथेही सांगणार नाही.

मग माझा धाकटा भाऊ बाळू आजारी पडला. आधी सांधे धरले, मग दुखणं हृदयावर गेलं. भेटायला येणारी मंडळी त्याच्या उशाशी कॉफी पीत त्याच्या सुजेची आणि लघवीची चर्चा करत, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडे. एका संध्याकाळी तो म्हणाला, "मामा, तुला एकट्याला सांगायचंय." मामा उठला, घोड्याचा जटका करून दवाखान्यात गेला आणि रेडिओ मांडीवर घेऊन परत आला.

"अक्का, स्वल्प बाहेर थांब," तो आईला म्हणाला.

"अरे, मी आई आहे त्याची!"

"म्हणूनच म्हणतो. थांब की."

आई दाराला कान लावून उभी राहिली. तिला ऐकू आलं ते शेणखताबद्दल. त्याच आठवड्यात बाळू गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर आईने मामाला धरलं. "घाबरला होता का रे? माझ्यावर रागावला होता? एवढं तरी सांग."

मामाने मान खाली घातली. "अक्का, ते त्याचं आहे."

"तो आहे कुठे आता?" आई किंचाळली.

'आईची आठवण काढत होता' एवढं खोटं कुणीही बोललं असतं. या माणसाला तेही जमलं नाही, आणि त्या दिवशी मला त्याचा भयंकर राग आला. आईने त्याच्याशी बोलणं टाकलं. दर भाऊबीजेला तो येई, पडवीत बसे, लुगडं ठेवून निघून जाई. त्याला कुणी ओवाळत नसे.

पुढे मामाही गेला. मामीने रेडिओ आमच्याकडे पाठवला. आईने त्यावर चादर टाकली आणि कुणालाही हात लावू दिला नाही.

काही वर्षांनी मी माहेरी आले असताना माझी मुलगी तापाने पडली. डॉक्टर येऊन गेले, ताप उतरेना, पोर कुणाशी बोलेना. शेवटी ती म्हणाली, "आजी, तुला एकटीला सांगू?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "तू बाहेर जा."

"आई, अगं मी तिची..."

"जा म्हणते ना!"

दार लागलं. आतून आधी खरखर आली, मग गुळाचे भाव. बाळूच्या वेळी आई जिथे उभी होती, तिथेच मी दाराला कान लावून उभी राहिले. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"ते तिचं आहे," आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून पडवीत मामाच्या जागी जाऊन बसली.